राखणीला मर्यादा दे

हे हरिहरेश्वरा, पाळणं आणि संहारणं ही दोन्ही कामं एकाच गाभाऱ्यात बसून करणाऱ्या देवा, इथल्या रीतीप्रमाणे आधी काळभैरवाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग तुझ्या दारात आलो. मी श्रीवर्धनच्या अंगाला औषधांचं दुकान चालवणारा माणूस. माझ्या फडताळात रक्तदाबाचा एक कप्पा आहे, साखरेचा एक आहे आणि त्यांच्या खाली फिटांच्या गोळ्यांचा एक. वरच्या दोन कप्प्यांतली औषधं लोक मोठ्याने नाव घेऊन मागतात. खालच्यातली मागताना आवाज उतरतो. दुकानात दुसरं कुणी असलं तर माणूस तसाच परत जातो आणि दिवेलागणीनंतर येतो. आजचं माझं मागणं त्या खालच्या कप्प्यासाठी आहे.

देवा, या दुखण्याचा आळ सगळ्यांत आधी तुझ्यावर आला. ग्रीसमध्ये याला पवित्र रोग म्हणत. देव माणसाला धरतो आणि आपटतो, अशी तिकडची समजूत होती. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्याने लिहून ठेवलं की हा रोग इतर रोगांइतकाच शरीराचा आहे आणि त्याचं मूळ मेंदूत आहे. आपल्याकडे चरकसंहितेने अपस्माराला निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक असे दोन अध्याय दिले. वैद्यांनी तुला केव्हाच मोकळं केलं. आम्ही मात्र अजून म्हणतो, बाहेरचं झालंय, कुणाची नजर लागली, कुळाचा कोप आहे. भगताच्या अंगणात जाऊन आम्ही तुझीच तक्रार तुझ्याच नावाने करतो. तुझ्या अंगावरचा हा आळ आधी उतरव. म्हणजे खऱ्या कारणाकडे बघायला आमचे डोळे रिकामे होतील.

खरं कारण पाहिलं की मी तुझ्या कारागिरीपुढे वाकतो आणि थोडा भितोही. मेंदूतल्या पेशींना तू एकमेकींशी बोलायला शिकवलंस. ग्लुटामेट नावाचं रसायन पेशीला उठवतं, गाबा नावाचं रसायन तिला बसवतं, आणि या उठबशीतून आम्हाला समुद्र दिसतो, आईचं नाव आठवतं, गाऱ्हाणं घालता येतं. फिट येते तेव्हा पेशींचा मोठा समूह एकदम उठतो आणि बसायला तयार होत नाही. ग्लुटामेट साचत जातं, पेशींची दारं उघडी राहतात, कॅल्शियम आत घुसतं आणि आतल्या ऊर्जेच्या घरांची दमछाक होते. कानशिलाच्या आत खोलवर, जिथे तू नव्या आठवणी घडवायची जागा केली आहेस, त्या हिप्पोकॅम्पसच्या पेशी याला सगळ्यांत लवकर बळी पडतात. फिट लांबली की जे जातं ते जागा बघून जातं. म्हणून मागण्यात पहिलं नाव त्या जागेचं घेतो.

पण देवा, पेशींचा हा गलका थांबल्यावरही नुकसानीचं काम संपत नाही, हे मला तुझ्याशी बोलायचं आहे. त्यासाठी आधी दुखण्याच्या गोळीपासून सुरुवात करतो. गुडघा धरून आलेला तांडेल माझ्याकडे दुखण्याची गोळी मागतो. ती गोळी ज्याला अडवते ते विकर तूच बनवलंस: सायक्लोऑक्सिजनेज, आमच्या धंद्यात नुसतं कॉक्स. पेशीच्या आवरणातल्या एका स्निग्ध आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, त्याची सुरुवात हे विकर करतं. मग रक्त त्या भागाकडे वळतं, भाग सुजतो, ठणकतो, आणि ठणकतो म्हणून माणूस तो पाय जपतो. ॲस्पिरिन नेमकं हेच काम अडवते, असं जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या विकराचा एक भाऊ आहे, कॉक्स-टू. तो बहुतेक अवयवांत एरवी जवळजवळ नसतोच, संकट आलं की तयार होतो. मेंदूत मात्र तू त्याला रोजचं काम दिलंस. चेतापेशी नेहमीच्या व्यवहारात असतानाही तो तिथे थोडाफार असतो, आणि फिट आली की झपाट्याने वाढतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मेंदूत हे १९९३ मध्ये दिसलं. म्हणजे तू परका पाठवला नाहीस, घरातलाच राखणदार ठेवलास. कोकणात राखणदाराला मान असतो, वर्षाचा नारळ असतो. मीही या राखणदाराचा मान ठेवूनच बोलतो आहे.

त्याच्या हाताने काय होतं ते तुला ठाऊक आहे, पण गाऱ्हाणं घालणाऱ्याने सगळं सांगायचं असतं. लांबलेल्या फिटेनंतर कॉक्स-टू वाढतो आणि प्रोस्टाग्लँडिनचा पूर येतो. मेंदूची साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी खवळतात. कॅस्पेस-वन नावाचं दुसरं विकर एका निजलेल्या प्रथिनाला कापून जागं करतं, त्याचं नाव इंटरल्युकिन-वन-बीटा. हे जागं झालेलं प्रथिन चेतापेशीची कॅल्शियमची दारं आणखी सताड उघडायला लावतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली तटबंदी ढिली पडते, रक्तातलं अल्ब्युमिन आत झिरपतं आणि तेही पेशींना चिथावतं. फिटेने दाह होतो, दाहाने पुढच्या फिटेची जमीन तयार होते. यात कुणाचाही हेतू वाईट नाही. सगळे रक्षणालाच धावले आहेत. त्यांच्या धावण्यातच पेशी मरतात.

म्हणून माझं मागणं एकच आहे, आणि ते मी वेगवेगळ्या दारांवर नेणार आहे. राखणीला मर्यादा दे. समुद्राला तू ती दिलीस. तुझ्या प्रदक्षिणेची वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा आमच्या पायांखाली येते. रक्षणालाही तशी परतीची वेळ लावून दे.

पहिलं दार पेशीचं. तिथे आम्ही फारसे पोचलेले नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून, पुढे कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम आली. ही औषधं पेशींचा गलका आवरतात. नंतरच्या दाहाला आवरणारं औषध माझ्या त्या कप्प्यात नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढच्या मेंदूच्या चेतापेशींतून कॉक्स-टू काढून टाकलेले उंदीर वापरले. लांबलेल्या फिटेनंतर त्यांच्या पेशी कमी मेल्या आणि दाहही कमी झाला, असं त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. मग कुणालाही वाटेल, दुखण्याचीच गोळी द्या की. पण तू गोष्टी इतक्या सोप्या ठेवल्या नाहीस. कॉक्स अडवणारी औषधं प्राण्यांना देऊन पाहिली तेव्हा कुठे फायदा दिसला, कुठे उलट अपाय. रोफेकॉक्सिब नावाची खास कॉक्स-टू अडवणारी गोळी हृदयविकाराचा धोका दिसल्यावर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली. राखणदाराला सरसकट बांधून घातलं की त्याची इतर ठिकाणची राखणही सुटते. म्हणून एमरीच्या लोकांनी पुढचा विचार केला: राखणदाराला राहू द्यावं, त्याची हाळी जिथे ऐकली जाते तो ईपी-टू नावाचा एकच कान काही काळ झाकावा. २०१३ मध्ये उंदरांत त्याचा उपयोग दिसला, आणि तोही फिट सुरू होऊन काही तास उलटल्यावर औषध दिलं तरी. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. त्या वाटेवर चालणाऱ्यांना धीर दे. त्यांच्या टेबलावर जीव गेलेल्या मुक्या प्राण्यांना तुझ्या पायाशी जागा दे. आणि ही बातमी अर्धवट ऐकून कुणी फिटेवर दुखण्याची गोळी गिळणार असेल, तर त्याला आधी डॉक्टरांच्या पायरीवर आण.

दुसरं दार जंताचं. डुकराच्या फीतकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाणेरड्या हातांतून, दूषित पाण्यातून कुणाच्याही पोटात जातात. जन्मभर शाकाहारी राहिलेल्याच्याही जातात. त्यातून मेंदूत गाठ बसते. आपल्या देशात फिटांचं हे एक मोठं कारण आहे. यातही तुझी तीच लीला आहे. गाठ जिवंत असते तेव्हा वर्षानुवर्षं गप्प राहू शकते. ती मरायला लागते, शरीराला तिची ओळख पटते, राखणदार तिच्यावर तुटून पडतात, आणि त्या सुजेतून बहुधा फिट येते. म्हणून डॉक्टर जंताच्या औषधाबरोबर सूज उतरवणारं स्टेरॉइडही देतात: शत्रू मरावा, पण आपल्या सैन्याने आपलंच घर पाडू नये. देवा, आमच्या ताटातली कोथिंबीर धुण्याची बुद्धी आम्हाला दे आणि प्रत्येक घरामागे बंद शौचालय दे. हे मागणं तुझ्या दारात मागायला मला संकोच वाटत नाही.

तिसरं दार विंचवाचं. ते आमच्याच जिल्ह्यातलं आहे आणि त्यासाठी मला आभार मानायचे आहेत. महाडच्या बाजूला, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं डोळ्यांदेखत जात. त्या पोरांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या: घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात साचणारं पाणी. विष स्वतः जेवढं करत होतं, त्याहून जास्त ते शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांकडून करवून घेत होतं. संकटात धावायला लावणारं ॲड्रेनालिनच हृदयाला दमवून मारत होतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्या वादळाला आवर घालते, हे त्यांनी दाखवलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण फार खाली आलं. लॅन्सेटमध्ये ते छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देवा, तो माणूस मोठ्या शहरात नव्हता, मोठ्या यंत्रांजवळ नव्हता. रुग्णाकडे बघत राहण्याची तयारी त्याच्याकडे होती. आवर घालता येतो, ही गोष्ट याच मातीत एकदा सिद्ध झाली आहे. मेंदूच्या राखणदारालाही असा आवर सापडेल, ही माझी आशा त्या नोंदवहीवर उभी आहे.

चौथं दार आमच्या घरातलं, आणि इथे विकरं नाहीत, माणसं आहेत. कुणाला फिट आली की आम्हीही धावतो. एकजण कांदा फोडून नाकाला लावतो, दुसरा चप्पल हुंगवतो, तिसरा मुठीत किल्ली कोंबतो, चौथा दातांत चमचा घालतो, दोघं छातीवर बसून हातपाय दाबून धरतात. सगळे प्रेमाने. त्या प्रेमात दात तुटतात, खांदा निखळतो, श्वास अडतो. आमच्या हातांना तेवढा वेळ बांधून ठेव. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवावं, कुशीवर वळवावं, जवळच्या वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये, आणि घड्याळाकडे बघावं, एवढंच करायला आम्हाला शिकव. घड्याळ फार महत्त्वाचं आहे. बहुतेक फिटा एक-दोन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. तापात लहान मुलांना येणारी साधी आकडी मेंदूचं नुकसान करत नाही. म्हणून प्रत्येक आकडीला आम्हाला घाबरवू नकोस. पण फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ती आपोआप थांबेल याचा भरवसा राहत नाही, आणि अर्ध्या तासानंतर पेशी कायमच्या जाण्याचं भय सुरू होतं.

या अर्ध्या तासासाठी, देवा, आमचा किनारा बघ. इथे गावागावांच्या मधे खाड्या आहेत. दिघीहून आगरदांड्याला जायचं तर जंगल जेट्टी या फेरीबोटीची वेळ साधावी लागते. अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायला वळणावळणांचा रस्ता आहे, माणगावमार्गे मुंबई त्याहून लांब. पावसाळ्यात दरड येते. १०८ची गाडी निघते, पण रस्ता तिला तेवढाच लागतो. म्हणून मला वाटतं, ज्या घरात लांबणाऱ्या फिटा आहेत त्या घरात डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा असावा आणि तो कसा मारायचा हे आईला, शेजारणीला, शाळेतल्या बाईंना यावं. खाडीवर तू पूल बांधशील तेव्हा बांध. तोवर पाच मिनिटांच्या आतली मदत उंबऱ्याच्या आत राहू दे.

घरातलीच आणखी एक राखण तुला दाखवायची आहे. मुलीला एकदा फिट आली की तिची शाळा सुटते, खेळ सुटतो, एकटीने जेट्टीवर जाणं सुटतं. तिला कुणी ओरडत नाही, उलट सगळे जपतात. जपता जपता तिचं आयुष्य एका खोलीएवढं होतं. मग लग्न ठरतं आणि गोळी लपते. सासरी डबीतून, पिठाच्या डब्यातून, माहेरच्या पिशवीतून लपवलेली गोळी एक दिवस चुकते, दुसऱ्या दिवशी चुकते, आणि अचानक बंद झालेल्या औषधामुळे नेमकी सासरच्या दारात फिट येते. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाला अडसर म्हणून लिहिलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून गेला. मनातून काढायला संसदेचा अधिकार पोचत नाही, तिथे तू पोच. सासूच्या मनात शिर. तिने स्वतः सुनेला हाक मारून म्हणावं, "गोळी घेतलीस का गं?" एवढ्या एका हाकेने किती पेशी वाचतील ते तू मोज.

मला माहीत आहे, सगळीच राखण सोडून चालत नाही. ज्याच्या फिटा आटोक्यात नाहीत, त्या पोराने होडीच्या काठावर एकट्याने जाळं ओढू नये, विहिरीच्या कठड्यावर बसू नये, मोटरसायकल चालवू नये. समुद्रात फिट आली तर दुसरी संधी तू देत नाहीस. पण त्याच पोराला बंदरावर हिशेब ठेवता येतो, बर्फाच्या कारखान्यात काम करता येतं, वाडीत रोठा सुपारी सोलता येते, शिकवता येतं, शिकता येतं. कुठे हात धरायचा आणि कुठे सोडायचा, ही पारख आई-वडिलांना दे. पेशीला जी पारख साधत नाही ती माणसाला तरी साधू दे.

ज्यांना ती साधली त्यांना बळ दे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी हे दुखणं स्वतः सोसून 'संवेदना' हा मदतगट उभा केला आणि फिटा असलेल्यांची लग्नं उघडपणे जुळवायला घेतली. मुंबईचे डॉ. निर्मल सूर्या खेड्यापाड्यांत शिबिरं घेत फिरले. त्यांच्या रांगेत आमच्या किनाऱ्यावरच्या आशाताईंनाही घे, ज्या उन्हातून चालत घराघरांत जातात आणि दाराआड काय लपलंय ते ओळखतात. जगात सुमारे पाच कोटी माणसांना हे दुखणं आहे. वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळालं तर त्यांच्यातल्या दहांतले सात फिटांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सातांचं काम आमच्या हातात तू देऊन ठेवलंस. उरलेल्या तिघांसाठी शोध चालू राहू दे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. वाड्यांतल्या पोफळी आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी भरले, वीज गेली. त्या दिवसांत लोक मेणबत्त्या शोधत होते, कौलं शोधत होते, आणि काही जण गोळी शोधत होते. इतर औषधाला एक-दोन दिवसांचा उशीर कधी कधी चालून जातो, फिटांच्या गोळीला तो सोसत नाही. पुन्हा तसं काही पाठवणार असशील तर आधी आमच्या घराघरांत महिन्याची गोळी शिल्लक असू दे.

हे हरिहरेश्वरा, हे काळभैरवा, माझं गाऱ्हाणं संपत आलं. चमत्कार मी मागितला नाही. पेशीतल्या विकराला, अंगणातल्या गर्दीला, आईच्या मायेला, सगळ्यांना एकच गोष्ट मागितली: धावून यावं आणि वेळेवर थांबावं. यातलं काही काम आमचं आहे आणि ते आम्ही करू. गोळीचा साठा मी बघतो. ती मागताना माणसाच्या आवाजात येणारी लाज तेवढी तू बघ.